उरलेल्या पाच बैठका

बावीस वर्षं विद्यापीठात मानसशास्त्र शिकवल्यावर बाईंना साहेब लोकांना शिकवायचं काम मिळालं आणि पहिल्याच दिवशी त्या तोंडघशी पडल्या. विद्यापीठानं नुकतंच नेतृत्व विकास केंद्र काढलं होतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे अठरा अधिकारी समोर बसले होते आणि बाईंनी चौसष्ट स्लाइड्स आणल्या होत्या. वरिष्ठांना वाईट बातमी सांगायला माणसं का घाबरतात, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. तो त्यांनी तीन तास सांगितला. एक अधिकारी छताच्या पट्ट्या मोजत होता, दुसरा उघड्या डोळ्यांनी झोपला होता. "काही शंका?" असं विचारल्यावर एकानं जेवणाची सुट्टी कधी, एवढंच विचारलं.

दुसरी कुणी असती तर आपला खडू-फळाच बरा म्हणून परत फिरली असती. बाई हट्टी. घरी येऊन त्यांनी एकसष्ट स्लाइड्स काढून टाकल्या आणि गप्प बसायला शिकायला घेतलं. प्राध्यापकाला याहून अवघड काम नाही. एक प्रश्न विचारायचा आणि खरं उत्तर येईपर्यंत थांबायचं. पहिलं उत्तर शोभेचं असतं, दुसरं बचावाचं, तिसरं कुठं कामाचं, असं त्यांचं मत होतं. समोरचा घाईघाईनं बोलायला लागला की त्या हात वर करून "थांबा" म्हणत. वर्षभरात त्यांचं नाव थांबाबाई पडलं. ते कानावर आलं तेव्हा त्यांना पदवी मिळाल्याइतका आनंद झाला.

नवरा दातांचा डॉक्टर. तो म्हणायचा, "आपल्या दोघांचा धंदा एकच, लोकांना तोंड उघडायला लावायचं. फक्त मी आधी भूल देतो." पाहुण्यांसमोर आणखी एक ठरलेला विनोद असे, की हिला बाहेर गप्प बसायचे पैसे मिळतात, म्हणून घरी फुकट गप्प बसत नाही.

अशी आठ वर्षं गेली. बाई चौपन्नच्या झाल्या. केंद्रप्रमुख उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची बाईंचीच, हे सगळे धरून चालले होते. पुस्तकांचं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, हेसुद्धा बाईंनी मनात ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात रंगाच्या कारखान्याचं काम आलं.

कारखान्याच्या मुख्य व्यवस्थापकाबरोबर आठ बैठका करायच्या होत्या, दर गुरुवारी अकरा ते बारा. माणूस हुशार, पण त्याच्या हाताखालच्या लोकांची त्याच्यासमोर पाचावर धारण बसायची. बाईंची पद्धत ठरलेली होती. हाताखालच्या बारा जणांना एकेकटं भेटायचं, त्यांची मतं घ्यायची आणि तिसऱ्या बैठकीत साहेबाला अहवाल द्यायचा. प्रत्येकाला त्या सांगत, "तुमचं नाव कुठंही येणार नाही." कोण काय बोललं याचा शोध घेणार नाही, अशी साहेबाची सहीही कराराच्या पहिल्याच पानावर घेतलेली असे.

साहेबानं अहवाल शांतपणे वाचला, "फार उपयोगी आहे" म्हणाला आणि फाइल मिटली. सोमवारी कारखान्याचं पत्र आलं, की उद्दिष्ट साध्य झालं असून उरलेल्या पाच बैठकांची गरज नाही. बाईंना अभिमानच वाटला. मंगळवारी त्या बारा जणांचे आभार मानायला म्हणून कारखान्यात गेल्या. तपासणी विभागात खिडकीजवळच्या टेबलावर अनोळखी माणूस बसला होता.

"इथल्या बाई कुठं आहेत?"

"त्यांची बदली झाली. गोदामात," तो मान खाली घालून म्हणाला.

तपासणीची प्रमुख म्हणजे एकोणीस वर्षं रंगाची शेड डोळ्यांनी जुळवणारी, त्या बारा जणांतलीच एक. तिला गोदामात पाठवायचं म्हणजे सोनाराला कोळसा मोजायला बसवण्यासारखं होतं. बाई घरी आल्या, अहवाल उघडला आणि नवव्या पानावर थांबल्या. तिथं अवतरण चिन्हात, शब्द न् शब्द, असं छापलं होतं: "साहेब मत विचारतात तेव्हा उत्तर घरून डब्यात घालून आणलेलं असतं. आम्ही फक्त झाकण लावायचं, शेड जुळो न जुळो."

नाव नव्हतं. पण अख्ख्या कारखान्यात शेड जुळली की नाही हे सांगणारं माणूस एकच होतं. ते वाक्य ऐकलं तेव्हाच बाई त्याच्या प्रेमात पडल्या होत्या. संशोधकाला बोलणाऱ्याचे मूळ शब्द म्हणजे जीव की प्राण, त्यात काडीचा बदल करायचा नाही, हे त्या बावीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या. अडाण्यानं ही चूक केली नसती. त्याला वाक्य आठवलंच नसतं.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि या वेळी विनोद केला नाही. "भूल न देताच काढलास तू तिचा दात," एवढंच म्हणाला. बाईंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं, मग तोंड धुतलं आणि केंद्रप्रमुखांना फोन लावला.

"यात एवढं काय?" केंद्रप्रमुख म्हणाले. "ते वाक्य बारा जणांचं मिळून तुम्हीच तयार केलंत, असं साहेबाला कळवून टाका. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

बाईंना ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. बुधवारी त्या गोदामात निघाल्या तेव्हा ते पत्र पर्समध्ये टाइप करून तयार होतं.

गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. पत्र्याचं छप्पर, एकही खिडकी नाही. तपासणीवाली डब्यांवरची लेबलं तपासत होती. तिनं स्टूल पुढं केलं, पण स्वतः बसली नाही.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

"ते तुम्ही यायच्या आधीच कळलं होतं मला."

"माफी मागायला आले होते."

"ठेवू कुठं माफी? इथं डब्यांनाच जागा नाहीये."

बाईंनी पर्समधून पत्र काढून तिला दिलं. तिनं ते उजेडाखाली धरून दोनदा वाचलं आणि घडी घालून परत केलं.

"हे नको. मी ते बोललेच नाही असं होतं यातनं. मी बोलले होते, मॅडम. खरं होतं म्हणून बोलले होते."

"मग काय करू? तुम्ही सांगा."

"मला माझं टेबल हवंय. खिडकीजवळचं. उजेडाशिवाय शेड कळत नाही." मग ती पुन्हा लेबलांकडे वळली. "आणि ते मला खोटी पाडून नकोय."

परतताना बाईंनी ते पत्र फाडलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. अकराला पाच कमी असताना त्या कारखान्याच्या स्वागतकक्षात हजर झाल्या.

"मॅडम, तुमच्या बैठका रद्द झाल्यात ना?" स्वागतिका गडबडली.

"करार आठ बैठकांचा आहे. तीन झाल्यात, पाच राहिल्यात. साहेब मोकळे झाले की सांगा, मी थांबते."

त्या थांबल्या. हिरव्या रेक्झिनची खुर्ची, समोर भिंतीवर रंगांच्या पट्ट्यांचा तक्ता. मांडीवर वही, हातात पेन. बरोबर बारा वाजता उठल्या, स्वागतिकेला "येते" म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी स्वागतिकेनं न विचारता चहा आणला आणि हळूच म्हणाली, "साहेब हल्ली मागच्या दारानं येतात." त्या बारा जणांपैकी बॉयलरवर असलेले एक काका येऊन शेजारच्या खुर्चीत दहा मिनिटं बसले. मग उठून बॉयलरकडे गेले. पण साहेबाच्या दारासमोर कामाच्या वेळेत दहा मिनिटं बसणं ही त्या कारखान्यात साधी गोष्ट नव्हती.

कारखान्यानं विद्यापीठाकडे तक्रार केली. केंद्रप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला करता? एवढं मोठं गिऱ्हाईक. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"दोनच गुरुवार राहिलेत," बाई म्हणाल्या.

चौथ्या गुरुवारी त्या स्वागतकक्षात बसलेल्या असतानाच फोनवर कळलं, की केंद्रप्रमुखाच्या जागेवर हिशेबशास्त्राच्या एका प्राध्यापकांची नेमणूक झाली आहे. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. कपाटाची भिंतसुद्धा डोळ्यांसमोर आली. पण बारा वाजायला अजून पंचवीस मिनिटं होती. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि बसून राहिल्या.

पाचव्या गुरुवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दार उघडलं. साहेब स्वतः उभा होता.

"या. बोला काय ते."

बाई आत गेल्या. "दोन वचनं होती. नाव कळणार नाही, हे माझं. शोध घेणार नाही, हे तुमचं. माझं माझ्या निष्काळजीपणानं मोडलं, ते मी तिच्यापुढं कबूल केलंय, तुमच्यापुढंही करते. तुमचं तुम्ही ठरवून मोडलंत."

"बदली आधीच ठरली होती."

"एकच विचारते. त्या वाक्यात खोटं काय होतं?"

"भाषा बघा तिची. ही काय पद्धत झाली?"

बाईंनी हात वर केला. "थांबा."

आणि त्या गप्प बसल्या. आठ वर्षांत त्या इतकं कधी थांबल्या नव्हत्या. साहेब पाणी प्यायला, मग त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले, फोन उचलला आणि ठेवला. घड्याळात बाराला सहा कमी होते तेव्हा तो खिडकीकडे बघत बोलला.

"नवा माणूस सगळंच जुळलं म्हणतो. या महिन्यात मालाच्या दोन गाड्या परत आल्या. शेड जुळली नाही म्हणून." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मला काय ऐकायचंय ते ओळखतो तो."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. बाराच्या ठोक्याला त्या उठल्या आणि वही मिटली.

सोमवारी तपासणीवाली आपल्या टेबलावर परतली. साहेबानं तिची माफी मागितली नाही, फक्त परतीचा आदेश काढला. आता हे बाईंच्या पाच गुरुवारांनी झालं की परत आलेल्या दोन गाड्यांनी, हे देव जाणे. केंद्रातले लोक गाड्यांचं नाव घेतात. स्वागतिका अजून गुरुवारांचंच घेते.

नव्या केंद्रप्रमुखांनी बाईंना कोपऱ्यातली खोली दिली. बाई शिकवत राहिल्या, थांबत राहिल्या. नियम मात्र एक नवा झाला. अहवालात कुणाचेही मूळ शब्द घालायचे नाहीत, आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य ज्याचं त्याला आधी वाचून दाखवायचं. विद्यार्थ्यांनाही त्या हेच सांगू लागल्या, आणि का, तेही. स्वतःची चूक वर्गात दर वर्षी पहिल्या तासाला सांगायची म्हणजे सोपं नाही.

दीड वर्षानं कारखान्याचं पत्र आलं. साहेबानंच पुन्हा बैठका मागितल्या होत्या, आणि थांबाबाईच हव्या असं लिहिलं होतं. पुन्हा बारा जण, एकेकटे. तपासणीवाली शेवटची आली. बाईंना तिच्याकडे बघवेना.

"तुम्ही नाही बोललात तरी चालेल," बाई म्हणाल्या. "मी अकरा जणांवर भागवेन."

तपासणीवाली खुर्ची ओढून बसली. "लिहा. साहेब आता उत्तर डब्यात घालून आणत नाहीत. पण आमचा डबा उघडताना अजून कपाळाला आठ्या घालतात. शेड जुळत नाही म्हटलं, की दिवसभर बोलत नाहीत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी माझ्या शब्दांत लिहीन. शेड हा शब्द येणार नाही, डबासुद्धा."

"नको. माझ्याच शब्दांत लिहा," ती म्हणाली. "आणि खाली माझं नाव घाला."

"थांबा," बाई म्हणाल्या, पण या वेळी त्यांनाच पुढं बोलता येईना. तपासणीवाली थांबली. मग बाईंनी पेन उचललं, वाक्य लिहिलं, तिला एकदा वाचून दाखवलं आणि त्याखाली सावकाश, ठळक अक्षरात तिचं पूर्ण नाव घातलं.