आन्सेल्मोचे दगड

ताल्काहुआनोच्या गोदीत ‘मियाराय’ नावाची पाणबुडी होती. पहिलं महायुद्ध संपता संपता ती चिलीच्या आरमारात आली आणि पुढं वीस-बावीस वर्षांत तिनं एकही शत्रू पाहिला नाही. बावीस माणसं, विजेची एक शेगडी आणि एकशे दहा किलोचा आचारी आन्सेल्मो ओयार्सून, एवढ्यात संसार सुखाचा चालला होता.

पाणबुडी म्हणजे नाजूक तराजू. एक माणूस मागं सरकला तरी तिचं नाक वर येतं. त्यामुळे पाण्याखाली बोट जरा पुढं झुकली की हुकूम सुटे, “आन्सेल्मो, दोन पावलं मागे!” पळी हातात घेऊनच तो मागे सरके आणि बोट सरळ होई. याचा त्याला कोण अभिमान!

सत्तावीस साली लेफ्टनंट उर्रेखोला कमांडर म्हणून आले. तरुण, नाकासमोर चालणारे. पहिल्याच सरावात आन्सेल्मो वरच्या गोल दारात अडकला. दोघांनी खालून ढकललं, एकानं वरून ओढलं, शेवटी लोणी लावावं लागलं.

“हसू नका रे,” उर्रेखोला म्हणाले. “उद्या बोट बुडाली तर ह्याच्यामागे सगळे अडकून मरतील. आन्सेल्मो, सोमवारपासून तू बंदरावरच्या भटारखान्यात.”

बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. ह्या बोटीशिवाय त्याला दुसरं घर नव्हतं.

रविवारी त्यानं सामान काढलं. पळ्या, मोठं पातेलं आणि बोटीच्या शेपटाकडच्या फळीखालून दोन गोण्या दगड. दगड त्याच्या चिलोए बेटाचे, कुरांतोसाठी लागणारे. खड्ड्यात दगड तापवायचे, वर शिंपल्या, बटाटे, सॉसेज रचायचे आणि पानांनी झाकायचं. भलते दगड तापले की फुटतात, म्हणून चिलोएचा माणूस पारखलेले दगड सोडत नाही. बोट कुठल्याही किनाऱ्याला लागली की आन्सेल्मो कुरांतो लावी. दगड बोटीत ठेवायची परवानगी त्यानं कधी मागितली नव्हती, आणि खाणाऱ्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

सोमवारी अ‍ॅडमिरल पाहणीला आले. ‘मियाराय’नं बुडी मारली ती बदकानं चिखलात चोच खुपसावी तशी. नाक खाली, शेपूट वर! पंखे हवेत गरगरले आणि धक्क्यावर उभ्या अ‍ॅडमिरलांची टोपी भिजली. कशीबशी बोट वर आली. उर्रेखोलांच्या पांढऱ्या गणवेशावर सकाळची अख्खी उसळ होती.

“वजनं मी स्वतः मांडली होती, साहेब,” ते धक्क्यावर म्हणाले. “आचारी कमी झाला तेही धरलं होतं.”

“मग बोटच म्हातारी झाली,” अ‍ॅडमिरल म्हणाले. “भंगारात काढा.”

सामानाची हातगाडी घेऊन मागे उभा असलेला आन्सेल्मो पुढं सरसावला. इंजिनवाल्या सानुएसानं त्याला चिमटा काढला. “तोंड उघडू नकोस, जाडोबा! धोंडे लपवले म्हणून कोठडीत जाशील.”

“आणि ती भंगारात जाईल, त्याचं काय?”

हातगाडीवरच्या गोण्या एकेक करून त्यानं अ‍ॅडमिरलांच्या बुटांपाशी आणून टाकल्या. “साहेब, म्हातारी नाही ती. तिचं वजन मी काढून नेलंय.”

अ‍ॅडमिरलांनी गोणीत डोकावलं. “किती वर्षं होते हे आत?”

“नऊ, साहेब.”

“आणि नऊ वर्षं बोट सरळ चालली?” त्यांनी उर्रेखोलांकडे पाहिलं. “तुमचं तुम्ही निस्तरा.”

उर्रेखोलांनी अंगावरचा एक वाल झटकला. “आठ दिवस कोठडी. मग दगडांसकट बोटीवर ये. पण ह्या वर्षात त्या दारातून सटकन निघायला हवास. जितके किलो उतरशील, तितक्या वजनाचे दगड आणखी आण.”

वर्षभरात आन्सेल्मो चौतीस किलो उतरला. फळीखाली तिसरी गोणी आली.

पुढे बोट मोडीत निघाली, तेव्हा तो चारचौघांत रडला. तिन्ही गोण्या घेऊन बेटावर परतला. केस पिकलेले उर्रेखोला एकदा तिथं कुरांतो खायला आले. जेवण झाल्यावर निवलेल्या दगडांकडे बघत म्हणाले, “तिसरी गोणी कुठली रे?”

“ती डावीकडची रास. ती म्हणजे मीच की, साहेब.”

उर्रेखोलांनी त्यातला एक दगड उचलला, हातात घोळवला. “हा नेऊ का?”

“न्या की. पण घरात मधोमध ठेवा हं. नाहीतर घर कलेल.”