लखनौ: सुनेच्या घरची जेवणाआधीची प्रार्थना

गुडघे कुरकुरत होते, तरी निघालोच. नव्वदच्या दशकातल्या एका जानेवारीतली गोष्ट. आमचा सुनील बँकेच्या नोकरीपायी लखनौला असायचा, आणि तिथल्याच चर्चच्या मंडळीतली रीना त्याची बायको. लग्नाच्या गडबडीत सून नीट पाहिलीच नव्हती, म्हणून मी आणि माझी बायको सुशीला.

नगरहून एसटीने मनमाड, तिथून लखनौची गाडी. थंडीत जाणार असाल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी घालू नका. झाशीच्या पुढे धुक्यात गाडी अशी रखडली की सुशीला म्हणाली, "अहो, उतरून ढकला जरा." चारबागला उतरलो तेव्हा दोघांच्याही पाठीचं लाकूड झालेलं. हमाल आणि ऑटोवाल्याशी भाव आधीच ठरवा. नंतर भांडायचं त्राण राहत नाही.

अलीगंजात सुनीलची भाड्याची दोन खोल्यांची जागा. रीना इस्पितळात नर्स. उजाडायच्या आत जायची, दिवेलागणीला यायची, की थेट गॅसपाशी. रविवारीही ड्यूटी, त्यामुळे उपासनेला आम्ही तिघंच गेलो. सुशीलेला ते खुपलं.

आमच्या घरी जेवणाआधी सगळे डोळे मिटतात आणि सुशीला मोठ्याने प्रार्थना करते. ज्याला सुनवायचं असेल त्याला ती देवाशी बोलता बोलता सुनावून घेते. लखनौतही तेच. "प्रभू, या घरच्या सुनेला तुझ्या मंदिराची ओढ लाव. तिचा आळस काढून टाक..." वरण गार होईस्तोवर. रीनाला मराठी येत नव्हतं, पण आवाजाचा रोख कळतच होता.

सोमवारी सुनीलने रजा काढून अमीनाबाद दाखवलं. रिक्षा अलीकडेच सोडायची, पुढे गर्दीत पायी. चिकनच्या भरतकामाचा कुर्ता घेताना उलटा करून पाहा, काम कसं आहे ते मागून कळतं. सुशीला कुर्ते उलटेपालटे करत बसली, आणि आम्ही बापलेक मक्खन मलाई खायला उभे राहिलो. दुधाचा नुसता गोड फेस; थंडीतच मिळते, फुंकरीने उडेल इतकी हलकी.

"बाबा, आईला सांगा यार. रीना जेवायला बसायला घाबरते आता. असंच चाललं तर पुन्हा या म्हणायला माझी जीभ रेटायची नाही."

"तूच सांग की."

"मी? माझं ऐकत असती तर देवाला कशाला मध्ये घातलं असतं तिनं?"

मला हसू आलं आणि घास कडूही झाला. सांगायचा धीर मात्र मलाही होईना.

त्या संध्याकाळी रीनाने येऊन पोळ्या केल्या, पानं वाढली, बसली. सुशीलेने सुरू केलं. मी इतका दमलो होतो की डोळे मिटले तर लवंडेन म्हणून उघडेच ठेवले. उभ्या जन्मात प्रार्थनेच्या वेळी समोरची माणसं कधी पाहिली नव्हती. रीनाचे हात जोडलेले, बोटं सारखी धुऊन धुऊन भेगाळलेली, आणि ती बसल्या बसल्या झोपलेली. मान पानात पडू नये म्हणून सुनीलने तिच्या कपाळाला तळहात लावून धरला होता.

"प्रभू, हिच्या कठीण मनाला..."

मी सुशीलेच्या कोपराला हात लावला. "अगं, डोळे उघड."

"प्रार्थना चाललीय!"

"चालू दे. उघड."

तिने उघडले. वाक्य तसंच लटकलं. ती उठली, सुनीलला म्हणाली, "सरक. हात अवघडला असेल तुझा." आणि आपला तळहात रीनाच्या कपाळाला लावून बसली.

रीना दचकून जागी झाली. "मम्मीजी, दुआ हो गई?"

"हो गई बेटा. तू सो."

इमामबाडा पाहायचा राहिला. तुम्ही जाल तेव्हा आवर्जून पाहा, आमच्यात चढउताराचं बळ उरलं नव्हतं. परतीलाही तेच धुकं, तीच पाठ.

नगरला पहिल्या रात्रीच्या जेवणाला सुशीला डोळे मिटून नुसतीच बसली. मग म्हणाली, "अहो, तिला काय हवंय तेच मला ठाऊक नाही." ताटं झाकून आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो.

"रीना, तेरे लिए क्या माँगूँ?"

मीही रिसीव्हरला कान लावला. पलीकडून हळू आवाज आला, "मेरे लिए? मम्मीजी... नींद माँग लीजिए."

मागचा माणूस घाई करत होता. सुशीलेने रिसीव्हर कानाला धरूनच, डोळे उघडे ठेवून, सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात देवाकडे तेवढी झोप मागितली आणि आमेन म्हटलं.