वाम खावी तर खालाकडे

वाम शिजवताना खाला तेलाचा थेंबही घालत नसे. तापल्या तव्यात तुकडे ठेवायचे, झाकण टाकायचे आणि गप्प बसायचे. हळूहळू वामीची चरबी सुटे आणि तुकडे तिच्यातच तडतडू लागत. "अंगानं लई चरबीची हाय ती. वरून तेल कावून पाजायचं?" ती म्हणे.

तो वास रस्ता ओलांडून माझ्या खानावळीत येई. तेलगाव फाट्यावर ती त्या बाजूला, मी या बाजूला. धरणाचे मासे दोघींकडे एकाच टोपलीतून यायचे. तरी गाड्या तिच्याच दारात थांबत. माझी बाकडी रिकामी दिसत असूनही लोक तिच्या पत्र्याबाहेर उन्हात ताटकळत. माझा नुसता जळफळाट होई. एकदा दार लावून मी तिच्यासारखीच बिनतेलाची वाम केली. तव्याला चिकटून तिचा भुगा झाला.

मासे संपले की खाला उरलेल्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे धाडायची. "समोर सुमनकडं जा, भाकरी झकास मिळंल." तिने धाडलेल्या माणसांना वाढताना भाकरी मी ताटात जरा जोरातच टाके.

मग माझे सासरे आजारी पडले. अन्नावरची वासनाच उडाली. एका दुपारी म्हणाले, "सुमन, खालाची वाम आन."

"मी करते की, मामा."

मी केली. त्यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. शेवटी डबा घेऊन मी पहिल्यांदा रस्ता ओलांडला. खालाने डब्याकडे पाहिलं. "यात गार हुईल. मीच येते."

भरलं हॉटेल बहिणीवर सोपवून ती आली आणि माझ्या चुलीपुढे बसली. मामांनी दोन तुकडे आणि अर्धी भाकरी खाल्ली, वर बोटंही चाटली. ते जेवले म्हणून डोळे भरून आले. आणि माझ्या चुलीवर, माझ्या तव्यात तिने माझ्याच सासऱ्यांना जेवू घातलं, म्हणून आतून पेटलेही.

"माझी कावून चिकटती, खाला?"

"तू सारखी उलथनं घालती. दम धर की जरा. तिची ती सुटती."

त्यानंतर मामा असे चवीने कधी जेवले नाहीत. महिनाभरात गेले.

पुढे रस्ता रुंद झाला, खालाचा पत्रा गेला. ती लेकीकडे सिरसाळ्याला गेली आणि तिथेच तिने चूल मांडली. निघताना माझ्या ओट्यावर टेकली, चहा प्याली. "आता समदी गिऱ्हाइकं तुझीच," म्हणाली. मला हसू आलं नाही.

आता माझीही वाम खपते, चिकटतही नाही. तरी एखादी गाडी थांबतेच. "समोरच्या खाला कुठं गेल्या?" मी खरं तेच सांगते, "सिरसाळ्याला. बाजाराच्या वाटेवर कुणालाही विचारा." गाडी वळते, निघून जाते. मी उलथनं हातात धरून दारात उभी राहते. आता खालाचा नाही, त्या गाडीतून जेवायला निघालेल्यांचा हेवा वाटतो.