लीलावतीबाईंच्या खोलीतलं मशीन

आमच्या अवधपुरीतल्या घराची आणि शेजारच्या नीळकंठ भाऊजींच्या घराची भिंत एकच. माझा देव्हारा तिला लागून, पलीकडे त्यांच्या बायकोची, लीलावतीबाईंची खोली. त्यांच्या आजारपणात ऑक्सिजनचं मशीन अखंड चालायचं. सुस्स-थप्प, सुस्स-थप्प. माझा जपही त्याच ठेक्यात जायचा. रामराया क्षमा करो.

भाऊजी कारखान्यात फोरमन होते. सगळी नोकरी कारखान्याच्या क्वार्टरात गेली. तिथे विजेचे पैसे पगारातून कटायचे, मीटरकडे बघतो कोण! निवृत्त होऊन इथे आले, बाई आजारी पडल्या, आणि बिल असं चढलं की भाऊजी चष्मा पुसून पुन्हा वाचायचे. वापर वाढला की पुढचं युनिट आणखी महाग. मशीनमुळे ते सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये गेले होते. म्हणून सोलर घेतलं, बचतीचा हिशोब त्याच चढ्या दराने मांडला. छतावर पॅनल चढले. सोलरचं नवं मीटर बसायच्या आधी बाई गेल्या.

मशीन थांबलं, तसं बिल आपसूक उतरलं. एकट्या माणसाला वीज लागते किती? खालच्या स्लॅबचा दर मुळात स्वस्त, वर सरकारची सूट. सोलरने वाचवायला उरलंच काय? जास्तीची वीज तारेतून बाहेर जायची, तिला भाव किरकोळ. पुण्याहून मुलाचा, रवींद्रचा फोन आला की भाऊजी अंगणात स्पीकर लावून बोलत.

"बाबा, बचत दिसणार कशी? तुम्ही वापरतच नाही. चालवा ना काहीतरी घरात!"

"काय चालवू? तुझं डोकं?"

"चालवून बघा, बरेच दिवस बंद आहे."

दोघं हसले. मीही इकडे भाजी निवडताना हसले.

त्यानंतर चैत्रातल्या एका दुपारी जपाला बसले, आणि भिंतीतून आवाज आला. सुस्स-थप्प. माळ बोटातच थांबली.

मग रोजच. ऊन चढलं की सुरू, कललं की बंद. विचारायचा धीर होईना. शेवटी रामनवमीचा सुंठवडा घेऊन गेले. खोलीत पलंगावर धुतलेली चादर, उशीवर ती नळी. नळीतून हवा येत होती आणि अभ्र्याची कड तेवढीच हलत होती.

"भाऊजी, हे हो काय?"

"वहिनी, कारखान्याच्या शॉपमध्ये मी मशीन कधी रिकामं ठेवलं नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हे सोलर तिच्या श्वासाच्या हिशोबावर घेतलंय. ती वीज बाहेर धाडू?"

आमच्या भजनातल्या कांचनच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी असंच मशीन सांगितलं होतं, आणि त्यांच्या सोनागिरीत भाड्याने कुठे मिळत नव्हतं. मी ते सांगून टाकलं. भाऊजींनी उशीवरची नळी सरळ केली.

"हे गेलं तर या खोलीत काय उरलं? आणि ते वरचे पॅनल?"

"तापू देत की. ऊन माझ्या तुळशीवरही पडतं, तिला कोणी बचत विचारतं का?"

त्यांना हसू आलं, लगेच गेलंही.

मंगळवारी कांचनचा नवरा मोहन रिक्षा घेऊन आला. भाऊजींनी फिल्टर धुऊन ठेवला होता, नळी नवी आणली होती.

"काका, परत कधी आणू?"

"आणू नकोस. वडील बरे झाले की पुढच्या कुणाला दे."

जुनी नळी मात्र त्यांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी एकादशी. ऊन चढलं, मी माळ घेतली. भिंतीपलीकडे सुस्स-थप्प, सुस्स-थप्प. बाहेर आले, तर भाऊजी कुंपणाशी उभे, हातात किल्ली. मशीन गेल्यावर खोलीला कुलूप घातलेलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्हालाही आवाज येतोय का?"

उपासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही. "येतोय," म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि जाऊन कुलूप काढलं.