मांगरातली जर्मन गाडी

माझे यजमान सव्वीस वर्षं आखातात होते. तिथल्या एका गॅरेजमध्ये ते जर्मन गाड्यांची इंजिनं उघडायचे. मी इथे जामसंड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. दोन वर्षांतून एकदा ते सुट्टीवर यायचे, तेव्हा घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं. मुली दाराआडून बघायच्या. धाकटी तर चार वर्षांची होईपर्यंत त्यांना काकाच म्हणायची. त्यांची पत्रं यायची तीही चार ओळींची. तब्येत बरी आहे, पैसे पाठवले आहेत, मुलींना जप. पुढे फोन आले, पण फोनवरही तेवढंच.

ते कायमचे परतले त्याच वर्षी मीही निवृत्त झाले. दोन्ही मुली लग्न होऊन पुण्याला गेल्या होत्या. आता आपण दोघं बोलू, असं मी मनात धरून होते. काय बोलायचं ते मला सांगता आलं नसतं. पण सकाळचा चहा दोघांनी मागच्या पायरीवर बसून घ्यायचा, एवढं तरी मी ठरवलं होतं.

चार महिन्यांनी ते रेडीला म्हणून गेले आणि संध्याकाळी टेम्पोवर एक गाडी लादून घेऊन आले. गोल पाठीची, इंजिन मागे असलेली ती जुनी जर्मन गाडी. कधीकाळी ती निळी असावी. एका बंद घराच्या अंगणात झावळ्यांखाली ती कित्येक वर्षं पडून होती. खाऱ्या हवेने तिचा तळ खाऊन टाकला होता. आत वाकून पाहिलं तर खालची जमीन दिसत होती.

"ही खंय ठेवतलास?" मी विचारलं.

"मांगरात. थंय दुसरां काय आसा?"

मांगर म्हणजे आमच्या घरामागची गवत आणि पेंढा ठेवायची जागा. गुरं गेल्यापासून ती रिकामीच होती.

"आणि ही चलतली?"

"पत्रो गेलो गो, पण इंजिन शाबूत आसा," ते म्हणाले. एवढ्या आनंदाने ते माझ्याशी फार दिवसांनी बोलले होते. म्हणून मी मांगराचं दार उघडून दिलं.

त्यानंतर दोन वर्षं ते मांगरात होते. चहा मी तिथेच नेऊन द्यायची. त्यांनी गाडीचा नट न् नट सोडवला. कुजलेला तळ कापून काढला, इन्सुलीच्या एका वेल्डिंगवाल्याकडून नवा पत्रा जोडून घेतला. सुटे भाग रॉकेलमध्ये धुऊन बिस्किटांच्या डब्यांत ठेवले, प्रत्येक डब्यावर कागद चिकटवला. शिवाय एक वही होती. कुठला भाग कुठून निघाला, त्याची झीज किती, तो परत बसवताना काय जपायचं, सगळं त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं. एकदा ते आंघोळीला गेले असताना मी ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मला आयुष्यभर चार ओळी लिहिणारा माणूस एका पंख्याच्या पट्ट्याबद्दल अख्खं पान लिहीत होता. माझ्याबद्दल एकही ओळ नव्हती. मी शोधली होती, खोटं कशाला बोलू?

श्रावणातल्या एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते चाकाला टेकून जमिनीवर बसलेले. पाना बाजूला पडलेला. ओठ एका बाजूला ओघळला होता.

"काय झालां?" मी ओरडले.

त्यांनी तोंड उघडलं, बराच वेळ काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बरां."

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "त्यांना माणसं ओळखता येतात, मनातलंही सगळं शाबूत आहे. पण शब्द सापडत नाहीत. वाचायलाही जमणार नाही. थोडं सुधारेल, किती ते सांगता येत नाही."

एकच शब्द उरला होता. भूक लागली, बरां. पाय दुखतो, बरां. मुलींना पाहून रडू आलं तरी बरां. कुठलं बरां म्हणजे हो आणि कुठलं म्हणजे नाही, हे समजायला मला दोन-तीन महिने लागले. नाहीचं बरां तुटक असायचं, शेवटी हनुवटी वर जायची.

मुली म्हणाल्या, "आई, ती गाडी काढून टाक. बाबांना ती समोर दिसली की त्रासच होणार." मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला त्या गाडीचा रागच होता. ओळखीतून कोल्हापूरचे एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या गोळा करण्याचा त्यांना नाद होता. मांगरात त्यांनी सगळं निरखून पाहिलं, डबे उघडून पाहिले आणि म्हणाले, "बाई, काम फार निगुतीनं केलंय. आहे तसं सगळं नेतो मी."

यजमानांना न सांगता व्यवहार करणं मला बरं वाटेना, म्हणून मी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून मांगरात आणलं. समजावून सांगितलं. मी डबे उचलून त्या गृहस्थांच्या माणसाकडे द्यायला लागले. तिसरा की चौथा डबा त्यांच्या खुर्चीजवळून जात असताना त्यांनी डाव्या हाताने तो धरला. मी सोडवायला गेले. त्यांनी सोडला नाही. डबा पोटाशी धरून ते माझ्याकडे पाहत राहिले.

कोल्हापूरच्या गृहस्थांनी जोडे घातले. "राहू द्या बाई," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यजमानांची खुर्ची पुन्हा मांगरात नेली. पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशीचा तो डबा मी त्यांच्यासमोर उघडला, एक भाग हातात धरला आणि विचारलं, "ह्या खंय बसता?" त्यांनी डाव्या हाताने इंजिनाकडे बोट दाखवलं. इतकं सोपं होतं ते. मी ते आधी केलं नव्हतं, एवढंच.

असं आमचं काम सुरू झालं. डब्यावरचं अक्षर त्यांचंच, पण त्यांना ते वाचता येत नव्हतं. मी वहीतलं वाचून दाखवायची. लांब वाक्यं त्यांना कळायची नाहीत, म्हणून मग वस्तू समोर धरायची. चूक केली की तुटक बरां. बरोबर केलं की लांब बरां. थोरल्या मुलीने पुण्याहून मोबाईलवर व्हिडिओ पाठवले, परदेशातला कुणी माणूस हेच इंजिन जोडतो आहे असे. यजमानांनी दोन मिनिटं पाहून मोबाईल उलटा ठेवला. त्या माणसाने कुठेतरी घाई केली असावी.

इंजिनाचा मधला भाग त्यांनी आजारी पडण्याआधीच जोडलेला होता. मला दोन बाजूंची दोन हेडं, म्हणजे सिलिंडरांवरची झाकणं, बसवायची होती. एकेका हेडाला आठ नट. मी एका टोकापासून ओळीने आवळायला लागले. ते म्हणाले, "बरां." मी थांबले नाही, नट तर सगळे सारखेच दिसत होते. ते पुन्हा म्हणाले, मोठ्याने. मग त्यांनी हातातली काठी इंजिनावर आपटली आणि मांडीवरचा पाना माझ्या दिशेने भिरकावला. तो माझ्या पायाजवळ पडला.

मी हातातला पाना खाली ठेवला.

"सव्वीस वर्सां तुमी थंय रवलास," मी म्हणाले, "दोनय चेडवां मी एकटीन वाडयली. तुमची आये मेली तेवा खांद्याक माणसां मी जमवलंय. एक दिवस माका विचारलास, तू कशी आसस म्हणान? आणि आता तोंडातसून शब्द येणा नाय तेवा माका नट पिळूक शिकवतास?"

ते काही बोलू शकत नव्हते, हे मला ठाऊक होतं. तरी मी उत्तराची वाट पाहत उभी राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड हलत होतं, पण त्या वेळी तो शब्दही त्यांना सापडला नाही. मी त्यांना तसंच सोडून घरात आले आणि चुलीसमोर बसले.

तासाभराने परत गेले. माणसाला एकट्याला खुर्चीतून उठता येत नव्हतं, जाणं भागच होतं. ते काठीचं टोक एका नटावर टेकवून बसले होते. मला पाहिल्यावर त्यांनी काठी तिथून उचलली आणि तिरकं समोरच्या नटावर नेली. मग तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. आठ झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मधल्या नटांपासून बाहेर, एकदा या बाजूचा आणि एकदा त्या बाजूचा, म्हणजे सगळीकडे ताण सारखा पडतो, हे मला तेव्हा कळलं. मी पाना उचलला. ते काठीने दाखवत गेले, मी आवळत गेले. मी जे बोलले होते ते मागे घेतलं नाही. त्यांनीही तसं काही मागितलं नाही. पण त्या दिवसापासून ते मला चहासाठी थांबवायचे. मी कप आणला की डाव्या हाताने शेजारचं स्टूल पुढे ओढायचे आणि मी बसेपर्यंत स्वतः कपाला तोंड लावायचे नाहीत.

इंजिन गाडीत चढवायला गावातला एक गॅरेजवाला आला. कधीकाळी माझ्या चौथीच्या वर्गात होता, आता त्याचे केस पिकायला लागलेत. त्याने आपली दोन माणसं आणली. अवघ्या चार बोल्टांवर ते इंजिन बसतं. त्याने पेट्रोल घातलं, बॅटरी जोडली आणि चावी माझ्या हातात दिली. "बाई, तुमीच फिरवा."

दोनदा नुसतं घरघरलं. तिसऱ्यांदा सुरू झालं. मांगर धुराने भरला, आणि त्या आवाजाने छपरावरचा कावळ्यांचा थवा उडाला. गॅरेजवाला टाळ्या वाजवत होता. मी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी मान तिरकी केली होती, डोळे मिटले होते. मग डोळे उघडून त्यांनी हनुवटी वर केली. "बरां."

"नाय म्हणतत ते," मी गॅरेजवाल्याला म्हणाले.

"बाई, मस्त चलता हा इंजिन!"

यजमानांनी तीन बोटं वर केली. तिसरा सिलिंडर. मी कान दिला, तेव्हा मोठ्या आवाजाच्या आत एक बारीक टकटक ऐकू आली. एका वाल्वची, म्हणजे झडपेची, फट जास्त राहिली होती. ती मीच बसवली होती.

इंजिन पूर्ण थंड असतानाच ती फट मोजायची असते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. वयाच्या साठीनंतर, नऊवारी नाही तरी पाचवारी साडी कमरेला खोचून. पहिल्यांदा ही फट बसवली तेव्हा इंजिन जमिनीवर होतं आणि माझ्या बोटांवर त्यांची बोटं होती. आता त्यांचा हात पोचणार नव्हता. पोलादाची पातळ पट्टी फटीत घालून ओढायची; ती सहज सुटता कामा नये आणि अडकताही कामा नये. शाळेत मिटलेल्या वहीच्या दोन पानांमधून फूटपट्टी काढताना हाताला लागायची ती ओढ मी आठवली. तीन वेळा केलं. बाहेर येऊन चावी फिरवली.

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग लांब, सावकाश म्हणाले, "बरां." आणि डाव्या हाताने माझ्या केसांतलं काळं तेल पुसायला लागले. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. त्यांनी माझ्या केसांना हात लावल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

गाडीला रंग दिला नाही. नुसता करडा प्रायमर मारला. त्याखाली गंज आधीच वाट शोधत होता. पुढल्या वर्षीच्या मार्गशीर्षात गॅरेजवाल्याने आम्हाला समुद्रापर्यंत नेलं. ते पुढे बसले, मी मागे, अगदी इंजिनाजवळ. उतारावर त्यांनी काचेबाहेर हात काढला. परत येताना ते झोपले. अशा आमच्या पाच फेऱ्या झाल्या.

पुढच्या भाद्रपदात त्यांना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला आला. "गाडी चालू करून ठेवतंय बाई, नायतर बॅटरी उतरात." मी म्हटलं, मी करते. आवाज ऐकून धाकटी मांगरात आली आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसली. पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी.

"आई," थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबांना मी कधी ओळखलंच नाही. तुम्ही दोघं इथे दिवसभर असायचात. काय करायचे ते?"

मी तिला सांगायला लागले. ते डोळे मिटून आवाज कसा ऐकायचे. दोन्ही बाजूंचे नट सारखे आवळले जावेत म्हणून किती जपायचे. पाना कसा फेकला आणि मी त्यांना काय काय बोलले, तेही सांगितलं. ती हसली, मग रडली. मी इंजिन बंद केलं तेव्हा मांगरात उन्ह आलं होतं. तिने विचारलं, "मग? पुढे काय झालं?" आणि मी सांगत राहिले.