माळावरची पेज

सोलापूरच्या दक्षिणेकडच्या खेड्यांत मी कित्येक वर्षे ख्रिस्ती मिशनची बायबलबाई म्हणून शुभवर्तमान सांगत फिरत होते. बाया जमत, भजने ऐकत, माझ्याकडून मुलांच्या डोळ्यांत औषध घालून घेत. पण एकीनेही बाप्तिस्मा घेतला नाही. वर्षाअखेरच्या सभेत इतर जण आपापल्या गावांतल्या नव्या कुटुंबांविषयी सांगत, तेव्हा मी मान खाली घालून बसे. शेवटी मिशनच्या मडमसाहेबांनी मायेनेच विचारले, "शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाला मुख्य बाई हवी आहे. येता का?" राहायला घर होते, मान होता. देवाने मला चुकीच्या जागी का ठेवले, असे मनात येऊ लागले होतेच. मी होकार दिला आणि गावांचा निरोप घ्यायला निघाले.

परतीच्या वाटेवर, छकड्यात बसलेली असतानाच, मला पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गाठले. उलट्या सुरू होताच छकडेवाला घाबरला. त्याने मला लिंबाखाली उतरवले आणि "माणसं घिऊन येतो" म्हणून गेला, तो आलाच नाही. भर उन्हाचा माळ. पायांत गोळे येत होते. पाठ असलेले एकही वचन आठवेना. मी एवढेच म्हटले, "प्रभू, मी तुझी आहे. तुला हवे ते कर." आणि आश्चर्य असे, की त्या क्षणी माझी भीती गेली.

थोड्या वेळाने शेळ्यामेंढ्या घेऊन एक धनगरीण आली. मी तिला पूर्वी कधी पाहिले नव्हते. मी हाताने खुणावले, "जवळ येऊ नका. मला पटकी झाली आहे. आणि मी ख्रिस्ती आहे."

"आसंना की," ती म्हणाली. "तहान तर लागलीच आसंल न्हवं?"

तिने मला उचलून आपल्या पालाशी नेले. तिचा नवरा ओरडला, "आगं, पोरं हायती आपल्यात!"

"मग पोरास्नी घिऊन तुमी पलीकडं ऱ्हावा. म्या हाय हितं."

तिने पाणी उकळले, ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज केली, तीत मीठ घातले आणि घोटघोट पाजत राहिली. मी ओकले की पुसायची, पुन्हा पाजायची. दिवस कलला तेव्हा पोटात पेज ठरू लागली. बोलता येऊ लागल्यावर मी विचारले, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. लई वाटली. पर तुमी एकल्याच व्हता."

ज्या करुणेविषयी मी इतकी वर्षे बोलत आले, ती त्या दिवशी मला पाजली गेली. आणि जिने पाजली, तिने माझ्या प्रभूचे नावही ऐकलेले नव्हते. मी त्याला खेड्यांत घेऊन जाते, अशी माझी समजूत होती. तो तर माझ्या आधीच तिथे पोहोचला होता.

बरी झाल्यावर मी मडमसाहेबांना नम्रपणे नकार कळवला. त्या धनगरिणीच्या पालावर सगळे सुखरूप राहिले, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. माझ्या गावांत अजून कोणी बाप्तिस्मा घेतलेला नाही. पण मन आता डळमळत नाही. तो मला का पाठवतो, हे त्याला ठाऊक आहे, आणि मला तेवढे पुरते. सकाळी पिशवी खांद्याला लावते, म्हणते, "चल प्रभू, तू पुढे हो," आणि वाटेला लागते.