वैशालीची उडी

काल विद्यापीठाच्या मैदानाच्या कडेला मी वैशालीला पाहत उभी होते. ती उंच उडी मारते आणि माझ्याच विभागात क्रीडा मानसशास्त्र शिकते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती पहिल्यांदाच त्या आडव्या दांडीसमोर आली होती. जोरात धावत यायची आणि ऐन उडीच्या जागी थबकायची. शेवटी ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, डॉक्टर म्हणतात गुडघा पूर्ण बरा झालाय. मग भीती का जात नाही?"

याच प्रश्नावर मी इतकी वर्षं शिकवत आले, प्रबंध तपासत आले. वर्गात भीतीची व्याख्या फळ्यावर लिहिली की ती निमूट तिथेच राहते. इथे भीतीला चेहरा होता आणि त्या चेहऱ्यावर घाम होता.

"जाईलच असं नाही गं," मी म्हणाले. "तिला सोबत घेऊन उडी मारता येते का, बघ."

वैशाली परत गेली. धावली, आणि या वेळी थांबली नाही. दांडी तिच्या पाठीला लागून खाली पडली. ती मात्र गादीवर उताणी पडून मोठमोठ्याने हसत होती. दांडी पुन्हा लावायला मीच पुढे झाले.